मदत हवी आहे: फासा खोटा आहे हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात रविवारी दुपारी ल्युडोचा डाव बसतो. सध्या भांडण सोंगट्यांवरून नाही, फाशावरून आहे. जुना लाकडी फासा, ठिपके खोल कोरलेले, एका अंगाच्या कडा घासून गोल झालेल्या. मावशींचं म्हणणं, यात सहाचं दान जास्तच पडतं. (पडतं ते नेमकं समोरच्याला, हा भाग वेगळा.)

त्यांचा तर्क असा: सहाच्या बाजूचं लाकूड जास्त कोरलं गेलंय, समोरच्या बाजूला एकच ठिपका, म्हणजे ती बाजू जड, ती खाली बसणार नि सहा वर येणार. पटतं, पण चिमूटभर भुशाने एवढा फरक पडतो का? मला त्या गोल कडांचाच संशय जास्त.

भाचा म्हणतो, ६०० वेळा टाकून मोजू. प्रत्येक आकडा सरासरी १०० वेळा यावा, पण प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतं ते) ९ च्या आसपास, म्हणजे सहा ११५ वेळा आला तरी तो योगायोग असू शकतो. सगळे आकडे मिळून काय-वर्ग (chi-square) चाचणी लावली, म्हणजे सहाही आकडे १०० पासून किती हलले ते एका संख्येत मोजलं, तर ५ टक्के पातळीला मर्यादा ११.०७; फासा खरा असेल तर याहून मोठी संख्या शंभरात साधारण पाचच वेळा येते. इथवर कळलं.

पण खोट बारीक असेल, तर ६०० दानांत ती पकडली जाईल का, की हजारो लागतील? प्लास्टिकचा फासा मिठाच्या पाण्यात तरंगवून तपासतात; लाकडी फुगेल ना? आणि ठिपके तेवढ्याच वजनाच्या रंगाने भरलेले, धारदार कडांचे फासे नाशकात कुठे मिळतील? मेन रोडला विचारून झालंय.