वृद्धाश्रमातल्या आजी-आबाजींची फ्रेल्टी (वयानं येणारं खंगलेपण) रक्ततपासणीत कळते का? कोणत्या तपासण्या ठेवायच्या?

आश्रम_वर्धा: आमच्याकडे ३४ वृद्ध आहेत, बहुतेक सत्तरीपुढचे. तालुक्याच्या लॅबवाल्यानं सगळ्यांसाठी ‘फ्रेल्टी प्रोफाइल’ सुचवलं आहे. त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी आणि आयएल-६ (दोन्ही अंगातल्या दाहाची, म्हणजे संसर्ग-सुजेची मापं), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), क्रिएटिनिन (किडनीसाठी), व्हिटॅमिन डी, बी-१२ आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आहे. पैसा देणगीचा आहे, म्हणून विचारून घेतो. कोण खंगत चाललं आहे हे यातून खरंच कळेल का? सगळं नको असेल तर काय ठेवायचं? लॅब ४० किलोमीटरवर आहे, नमुना मोटरसायकलवर जातो आणि पुढं मे महिना आहे.

मेडिसिन_यवतमाळ: कोण खंगतंय हे रक्त सांगत नाही. त्यासाठी खुर्ची, घड्याळ आणि वजनकाटा लागतो. वर्षभरात प्रयत्न न करता ५ टक्के वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं, या पाचांपैकी तीन असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर तिच्या उंबरठ्यावर. आश्रमात करायला सोपं म्हणजे हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर नोंद करा. चार मीटर चालायला चार सेकंदांपेक्षा जास्त लागले तरी नोंद करा.

रक्त तपासायचं ते त्यापुढच्या प्रश्नासाठी, म्हणजे हा माणूस काहून वाळत चालला आणि त्यातलं दुरुस्त होण्यासारखं काय आहे?

आयएल-६ काढून टाका. फ्रेल्टी असलेल्यांच्या गटात ते सरासरीनं जास्त सापडतं हे खरं. पण एका माणसात सडका दात, शय्याव्रण, लघवीतला जंतुसंसर्ग, कशानंही ते वाढतं, आणि आकडा आला म्हणून तुमचा उपचार बदलत नाही. सरसकट टेस्टोस्टेरॉनचंही तेच. सोडियम, पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर मात्र यादीत घाला. बीपीसाठी थायझाइडची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असलेल्यांचं सोडियम उतरू शकतं, आणि मग तोल जाऊन पडणं, गोंधळणं हे ‘वयानं होतं’ म्हणून सोडून दिलं जातं. वयाच्या ऐंशीनंतर टीएसएच बरेचदा थोडं वाढलेलं असतं. ६-७ दिसलं की लगेच थायरॉइडची गोळी नको.

सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला तर आधी संसर्ग शोधा: पाठ, टाचा, दात, छाती, लघवी. दोन-तीन आठवड्यांनी परत करा. वजन उतरतंय आणि खोकला आहे, तर फ्रेल्टी म्हणण्याआधी थुंकीची सीबीनॅट (टीबीची तपासणी) झालीच पाहिजे. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

हिमोग्लोबिन बायांमध्ये १२ च्या आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर कारण शोधा. फेरिटिन (अंगातल्या लोहसाठ्याचं माप) एकटं पाहू नका. अंगात दाह असेल तर लोह कमी असूनही ते चांगलं दिसतं, अशा वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहणाऱ्या लोहाचं माप) सोबत करा. आणखी एक, आपल्या भागात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. सिकल असलेल्यांचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) काही मशीनवर चुकतो, आणि लाल पेशी लवकर फुटत असतील तर साखर असते त्यापेक्षा कमी दाखवतो. तिथं उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच धरा.

आश्रम_वर्धा: धन्यवाद सर. क्रिएटिनिन बहुतेकांचं ०.८-०.९ आहे, म्हणजे किडनीची काळजी नाही ना? आणि दोघींचं अल्ब्युमिन ३.१, म्हणजे कमी आलंय, त्यांना प्रोटीन पावडर सुरू करू का?

मेडिसिन_यवतमाळ: इथंच सगळे फसतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच आटले तर किडनी अर्धी गेली तरी आकडा ‘नॉर्मल’. ७८ वर्षांची, ३८ किलोची आजी, क्रिएटिनिन ०.९. रिपोर्टवर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) साधारण ६५ छापून येईल, पण तो प्रमाणित देहाकाराचा हिशेब आहे. औषधाच्या मात्रेसाठी वजन धरून काढा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाई असेल तर गुणिले ०.८५. उत्तर येतं ३१ च्या आसपास. या आजीला मेटफॉर्मिन (साखरेची), डिगॉक्सिन (हृदयाची), प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याची) पूर्ण मात्रेत चालणार नाही, आणि मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) तर नकोच. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी (किडनीचीच दुसरी रक्ततपासणी) करा. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं, पण स्टेरॉइड चालू असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल तर तेही हलतं.

व्हिटॅमिन डी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, आठ आठवडे. मग थांबून डॉक्टरांना विचारा. तेच साप्ताहिक पाकीट वर्षभर चालू राहिलं तर कॅल्शियम चढतं. वर्षातून एकदाच ५ लाख युनिट देऊन पाहिलेल्या चाचणीत (निष्कर्ष २०१० चे) वृद्ध स्त्रियांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं होतं.

आहार_अमरावती: अल्ब्युमिनवर पावडरचा निर्णय घेऊ नका, भाऊ. ते जेवणाचं माप नाही. दाह वाढला की यकृत ते कमी बनवतं. शिवाय लघवीतून जात असेल, यकृत बिघडलं असेल, तरी उतरतं. आधी त्याच दिवसाचा सीआरपी आणि लघवीतलं प्रोटीन बघा. उलट उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन दोन्ही फुगून दिसतात.

दर महिन्याचं वजन मात्र सोडू नका. सकाळी, लघवी करून आल्यावर, त्याच काट्यावर. प्रोटीन किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या आजीला ४० ते ४८ ग्रॅम. प्रोटीनचा हिशेब ग्रॅममध्ये: ज्वारीच्या दोन भाकरी (१०० ग्रॅम पीठ) १०, ६० ग्रॅम कोरड्या डाळीचं वरण १३, पेलाभर दूध ६, २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्या १३. चाळिशी गाठली की नाही? दात नसतील तर वड्या भिजवून वाटून वरणातच घाला. हे सगळं रात्रीच्या एका ताटात नको, तिन्ही वेळांत वाटा. किडनीचा आजार ठरलेला असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून.

पाच-सात दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन उतरतं, जीवावर बेतू शकतं. अशाला दवाखान्यात न्या.

लॅब_काटोल: आता नमुन्याचं. निम्मा गोंधळ इथं होतो.

म्हाताऱ्या शिरेला २३ नंबरची बटरफ्लाय सुई. दंडाला बांधायचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त नको, मूठ उघडझाप करायला लावू नका, पोटॅशियम वाढतं. सिरिंजनं काढलं तर सुईतूनच ट्यूबमध्ये जोरात मारू नका, पेशी फुटतात. आधी पिवळी जेलची ट्यूब, मग जांभळी (सीबीसीची, आत रक्त गोठू न देणारं रसायन असतं), शेवटी करडी साखरेची. जांभळीतला थेंब पिवळीत गेला तर पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली येतं. असा जोड दिसला की आधी ट्यूबवर संशय घ्या. जांभळी आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करा, जोरात हलवू नका.

पिवळी सावलीत अर्धा तास उभी ठेवा, गुठळी होऊ द्या, मग दहा मिनिटं सेंट्रीफ्यूज (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं मशीन), आणि हे सगळं दोन तासांच्या आत. आश्रमात मशीन नसेल तर वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात विचारून फिरवून घ्या. न फिरवता पिवळी ट्यूब बर्फात टाकली की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. फिरवल्यावर मात्र थंड डब्यातच, जेल पॅकला फडकं गुंडाळून, ट्यूब स्टँडमध्ये उभ्या. डिक्कीत आडव्या टाकून नेल्या तर पोहोचेपर्यंत सीरम (पेशींवरचं पिवळसर पाणी) लालसर झालंच समजा. लालसर सीरमवरचं पोटॅशियम आणि एसजीओटी (यकृताची तपासणी) मानू नका.

जांभळी उन्हात तासन् तास राहिली तर पेशी फुगून एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) वाढतो आणि बी-१२ कमी असल्याचा भास होतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी टीएसएचआधी दोन दिवस त्या बंद ठेवाव्या. आणि एक: झोपून काढलेल्या रक्तात अल्ब्युमिन बसून काढलेल्यापेक्षा थोडं कमी येतं. मागच्या वेळी बिछान्यात घेतलं असेल तर यंदाही बिछान्यातच घ्या.

आश्रम_वर्धा: जे उठूच शकत नाहीत त्यांची खुर्चीची चाचणी कशी करायची?

आहार_अमरावती: त्यांची पोटरी मोजा. गुडघा काटकोनात वाकवून, सर्वात जाड जागी, टेप न आवळता. पुरुषांत ३४ आणि बायांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू आटल्याची शंका. पायावर सूज असेल तर ते माप धरू नका, कारण पाण्यानं पोटरी भरलेली दिसते.