मदत हवी आहे: कुत्र्याच्या घशात कोय अडकली आहे, लवकर सांगा

देवगडकर०७ (रात्री ९:१२)
आमच्या वाघ्याच्या घशात आंब्याची कोय अडकली आहे. सारखा खाकरतोय, लाळ गळतेय, पंजाने तोंड ओरबाडतोय. कोय कशी काढायची? डॉक्टर फोन उचलत नाहीत. कृपया लवकर.

मनीमाऊ
श्वास नीट घेतोय का? हिरड्या गुलाबी आहेत की निळसर? वजन किती? कोय गिळताना कोणी बघितलं का?

आजीचाबटवा
भाताचा मोठा गोळा नाहीतर केळं द्या. माशाचा काटा अडकला की आमच्याकडे हेच करतात, गोळ्याबरोबर खाली जातो.

परळवाला
अजिबात देऊ नका! बारीक काटा वेगळा, कोय वेगळी. अन्ननलिका बंद असेल तर भात उलटून श्वासनलिकेत जाईल. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं हेही नको. आमच्या लॅब्रॅडॉरच्या अन्ननलिकेतलं हाड दुर्बिणीने काढावं लागलं होतं.

आजीचाबटवा
चाळीस वर्षं कुत्री पाळतेय मी.

देवगडकर०७
श्वास चालू आहे, हिरड्या गुलाबी. गावठी आहे, १८-२० किलो असेल. कोय गिळताना बघितलं नाही, पण दिवसभर कलमांखाली असतो, दुसरं काय असणार? भात घातला होता, तोंडातून टाकून दिला. मी हात घालून बघितलं, जिभेच्या मुळाशी कडक काहीतरी लागतंय. ओढू का?

परळवाला
नका ओढू! ते बहुतेक त्याचं स्वतःचंच हाड आहे, जिभेला आधार देणारं. लोक तेच अडकलंय समजून ओढतात.

घाटमाथा
मागे उभे राहा, शेवटच्या बरगडीच्या मागे पोटावर मूठ ठेवा आणि आत-वर झटका द्या. आमचा पामेरियन असाच वाचला.

परळवाला
तुमचा गुदमरत होता. हा श्वास घेतोय, उगाच पोट का दाबायचं?

घाटमाथा
हिरड्या निळ्या पडल्या तर त्याला माहीत असायला हवं, म्हणून सांगितलं. तेव्हा इथे येऊन विचारायला वेळ नसतो.

काजूबाग
वाघ्या राखणीचा का? आमच्याकडे वानरांनी यंदा एक कलम सोडलं नाही. तुमच्याकडे कुत्र्यांना वानरं घाबरतात का?

मनीमाऊ
काजूबाग, नंतर. देवगडकर, रेबीजची लस दिली आहे का? जबडा लोंबतोय का? पिसाळलेल्या कुत्र्याचे घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात, लाळ गळते, आणि बघणाऱ्याला हमखास घशात हाड अडकल्यासारखं वाटतं. तुमच्या हाताला दात लागला का?

देवगडकर०७
जबडा मिटतोय, हाक मारली की शेपूट हलवतो. लस दिली असं बाबा म्हणतात, कार्ड सापडत नाही. बोटाला थोडं खरचटलंय. पण मी कोय कशी काढायची ते विचारलंय!

मनीमाऊ
आधी हात धुवा. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, पूर्ण १५ मिनिटं. परत तोंडात हात घालू नका. मग १९६२ लावून बघा, पशुवैद्यकीय सेवेचा मोफत क्रमांक आहे. तोपर्यंत खायला काही नको, अंगणात मोकळा सोडू नका.

परळवाला
सकाळपर्यंत कोणी मिळालं नाही तर फोंडा घाटातून सरळ कोल्हापूर गाठा. अन्ननलिकेत काही असेल तर एकेक तास महत्त्वाचा, आतली त्वचा दाबाने सडते.

देवगडकर०७ (दुसऱ्या दिवशी, ११:४०)
डॉक्टर सकाळी भेटले. भूल देऊन तोंड उघडलं. कोय नव्हतीच. बोकडाच्या बरगडीचा तुकडा वरच्या दाढांमध्ये टाळूवर आडवा घट्ट बसला होता, चिमट्याने निघाला. रविवारच्या मटणाची हाडं मीच घातली होती, काल डोक्यातच आलं नाही. टाळूला जखम आहे, चार दिवस पातळ पेज सांगितलीय. मी आरोग्य केंद्रात रेबीजचं पहिलं इंजेक्शन घेतलं, पुढचं तिसऱ्या दिवशी. वाघ्यावर १० दिवस लक्ष ठेवायचंय. आत्ता पडवीत झोपलाय. रात्रभर जागलात माझ्यासोबत, खूप आभार.

आजीचाबटवा
पेज कोमट द्या, गरम नको. बरा होईल लेकरू.

मनीमाऊ
लसीचं कार्ड सापडलं का?