केसर आंब्याच्या बागेतील मालाचा अंदाज आणि झाडवार नकाशा कसा करावा?

प्रश्न (आजरा तालुका, कोल्हापूर)
नमस्कार. डोंगरउतारावरील चार एकरांत १० बाय १० मीटरवर केसरची सुमारे १६० झाडे आहेत. गेल्या वर्षी व्यापाऱ्याने एक फेरी मारून सांगितलेल्या आकड्यावर विसंबून मी बाग उक्ती (एकरकमी ठरवून) दिली आणि माल त्याच्या सव्वापट निघाला. या वेळी सौद्याआधी स्वतः मोजायचे आहे. सगळी झाडे मोजणे एकट्याला शक्य नाही; मग किती मोजावीत, केव्हा मोजावीत आणि बागेच्या कोणत्या भागात माल कमी धरतो हे कागदावर कसे आणावे?

उत्तर १ (राधानगरी)
मोहोरावरून किंवा वाटाण्याएवढ्या फळांवरून अंदाज बांधू नका, कारण त्यातील बहुतेक गळून जातात. कैरी अंड्याएवढी झाली आणि गळ थांबली की मोजा. त्याआधी प्रत्येक झाडाच्या बुंध्याचा घेर कलमाच्या जोडाच्या वर एकाच उंचीला टेपने घ्या, घेरानुसार तीन गट पाडा आणि प्रत्येक गटातील झाडे चिठ्ठ्या टाकूनच निवडा. चिठ्ठ्यांचा आग्रह अशासाठी की आपले पाय आपोआप वाटेकडेच्या लगडलेल्या झाडाकडे वळतात आणि आकडा फुगतो. आंबा वर्षाआड धरत असल्याने सारख्या घेराच्या शेजारच्या दोन झाडांतही मोठा फरक पडतो, म्हणून गटामागे दोन-तीन झाडांवर भागत नाही. आठ-दहा तरी हवीत. गटाच्या सरासरीला त्या गटातील झाडांच्या संख्येने गुणून तिन्हींची बेरीज करावी.

उत्तर २ (कोल्हापूर शहर)
उरलेल्या झाडांचे दोन्ही बाजूंनी फोटो घेता येतील, मात्र पानांआडची फळे त्यात दिसत नाहीत. मोजलेल्या झाडांचेही फोटो काढा. हाताने ३०० आणि फोटोत १८० भरली, तर गुणक १.६७ येतो; उरलेल्या झाडांच्या फोटोतील आकड्याला त्याने गुणा. दाट झाडाचा गुणक विरळ झाडाला लावू नये.
नकाशासाठी चौकटीच्या वहीत ओळ आणि झाड क्रमांक पुरेसे आहेत. मोबाइलवरील ठिकाण काही मीटर सरकते, त्यामुळे ५ मीटर अंतराच्या घन (दाट) लागवडीत ते शेजारचेच झाड दाखवू शकते. काढणीला क्रेट झाडाखालीच भरून त्यात क्रमांकाची चिठ्ठी टाका, वजन त्या चौकटीत लिहा आणि वजनानुसार चौकटी रंगवा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आज घेर घेतले. वरच्या टप्प्यावर हातभर खोलीला जांभा लागतो आणि तेथील झाडे घेराने मध्यम असूनही माल तुरळक दिसतो. त्यांचा गट वेगळा धरावा काय?

उत्तर १
अवश्य धरा, आणि त्या टप्प्यावरील झाडांच्या चिठ्ठ्याही स्वतंत्र टाका.