साधं पडल्यावर लघवीतून रक्त, आणि सोनोग्राफीत कळलं जन्मापासूनचा दोष

प्रश्न: मुलगा १२ वर्षांचा, सायकलचं हँडल पोटात लागलं, वरून साधं खरचटलंही नाही पण संध्याकाळी लघवी चहासारखी लाल झाली, सोनोग्राफीत हॉर्सशू किडनी (जन्मतःच दोन्ही किडन्या घोड्याच्या नालेसारख्या एकमेकींना जोडलेल्या) निघाली. एवढ्याशा माराने असं होतं का?

उत्तर: हो ताई, होतं. यात दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या असतात, त्या फासळ्यांच्या आड पूर्ण येत नाहीत आणि मधला जोड बरोबर मणक्याच्या पुढे असतो, त्यामुळे समोरून मार बसला की तो मणक्यावर दाबला जातो. साधारण ४०० ते ५०० जणांत एकाला ही असते, बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ताच नसतो.

उत्तर: माझ्या भाच्याला जन्मतः पीयूजे ब्लॉक (किडनीतून मूत्रनलिका निघते त्या जोडावर अडथळा), किडनी पाण्याने फुगलेली, खेळताना नुसता कोपर लागला आणि फाटली. कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन) झाला का? सोनोग्राफीत सगळं दिसत नाही हो.

उत्तर: घाबरू नका, बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही, झोपून राहणं आणि हिमोग्लोबिन परत परत बघणं. पण लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, चक्कर आली, ताप आला किंवा पोट फुगलं तर रात्र असली तरी लगेच न्या. आणि खेळाचं यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

प्रश्नकर्ती: सीटी उद्या आहे, मनापासून आभार सगळ्यांचे.