मदत हवी आहे: एकत्रित पत्रकांत मुख्य कंपनी व उपकंपनी यांच्या आपसातील व्यवहारांच्या नोंदी आणि न जुळणारा आरंभीचा राखीव निधी

नमस्कार.

एका मुख्य कंपनीची आणि तिच्या एकमेव उपकंपनीची एकत्रित आर्थिक पत्रके आयएफआरएसनुसार (आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांनुसार) तयार करण्याचे काम या वर्षी प्रथमच माझ्याकडे आले आहे. मागील वर्षी हे काम ज्या सहकाऱ्यांनी केले, ते आता येथे नाहीत, आणि त्यांच्या मागे फक्त अंतिम पत्रके उरली आहेत. ज्या कार्यपत्रकावरून ती तयार झाली, ते सापडत नाही. दोन्ही कंपन्यांचे आकडे ओळीला ओळ मिळवून बेरीज केली, भांडवल आणि गुंतवणूक वगळली, येथपर्यंत अडचण आली नाही. पुढे मात्र मी अडकले आहे.

माहिती अशी आहे. मुख्य कंपनीकडे उपकंपनीचे ८० टक्के भाग आहेत. उपकंपनी खर्चावर २५ टक्के नफा चढवून मुख्य कंपनीला माल विकते. या वर्षी अशी विक्री १०,००,००० झाली. वर्षअखेरीच्या मोजणीनुसार त्यांपैकी ३,००,००० चा माल मुख्य कंपनीच्या गोदामात शिल्लक आहे. वर्षारंभी याच प्रकारचा २,००,००० चा माल शिल्लक होता आणि तो या वर्षी पूर्ण विकला गेला. याशिवाय मागील वर्षाच्या पहिल्याच दिवशी मुख्य कंपनीने ६,००,००० पुस्तकी मूल्याचे एक यंत्र उपकंपनीला ८,००,००० ला विकले होते. त्याचे उरलेले आयुष्य तेव्हा ५ वर्षे होते आणि घसारा सरळ रेषा पद्धतीने आकारला जातो. दोन्ही कंपन्यांचा कराचा दर २५ टक्के आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. अखेरच्या मालातील अनरिअलाइज्ड नफा (म्हणजे माल बाहेर विकला न गेल्याने अजून प्रत्यक्षात न आलेला नफा) मी ३,००,००० च्या २५ टक्के, म्हणजे ७५,००० धरला आहे. तो बरोबर आहे का, आणि त्याचा काही भाग बाहेरच्या भागधारकांच्या हिश्श्यातून, म्हणजे एनसीआयमधून, कमी करावा लागतो का? दुसरे असे की, उपकंपनीच्या पुस्तकात मुख्य कंपनीकडून येणे ४,५०,००० दिसते, तर मुख्य कंपनीच्या पुस्तकात उपकंपनीला देणे ३,८०,००० च आहे. या ७०,००० च्या फरकाचे काय करायचे? आणि ज्याने माझी झोप उडवली आहे तो तिसरा प्रश्न म्हणजे, मागील वर्षाच्या एकत्रित ताळेबंदातील राखीव निधी आणि या वर्षीच्या बेरजेतून येणारा आरंभीचा राखीव निधी जुळत नाहीत. माझा आकडा राखीव निधीत १,४४,००० ने आणि एनसीआयमध्ये ६,००० ने जास्त येतो. मागील वर्षीचे काम चुकले होते का?

प्रतिसाद १

मागील वर्षीचे काम चुकलेले नाही, उलट आपण दिलेल्या आकड्यांवरून ते फारच नेटके झाले होते असे दिसते. तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तो समजला की बाकीचे बरेचसे आपोआप सुटते.

एकत्रीकरणाच्या नोंदी कोणत्याही कंपनीच्या खतावणीत जात नाहीत. त्या फक्त कार्यपत्रकावर असतात आणि पत्रके छापली की संपतात. त्यामुळे पुढच्या वर्षी आपण दोन्ही कंपन्यांच्या स्वतंत्र पुस्तकांतून आकडे घेतो तेव्हा गेल्या वर्षी वगळलेला नफा त्या पुस्तकांच्या राखीव निधीत जसाच्या तसा बसलेला असतो. तो दर वर्षी नव्याने वगळावा लागतो, फक्त आता तो चालू वर्षाच्या नफ्यातून न काढता आरंभीच्या राखीव निधीतून काढायचा असतो.

आता आपला फरक उलगडून पाहू. वर्षारंभीच्या २,००,००० च्या मालात २५/१२५ प्रमाणे ४०,००० नफा होता. त्यावर २५ टक्के स्थगित कर (म्हणजे ज्याचा परिणाम पुढच्या काळात मोजायचा तो कर) धरला की निव्वळ ३०,००० उरतात. विकणारी उपकंपनी असल्यामुळे त्यांचा ८० टक्के भाग, म्हणजे २४,०००, मुख्य कंपनीच्या भागधारकांचा आणि ६,००० एनसीआयचे. यंत्रावरचा नफा २,००,०००. त्यातून एका वर्षाचा जादा घसारा ४०,००० वजा जाता १,६०,०००, आणि करानंतर १,२०,०००. येथे विकणारी मुख्य कंपनी असल्याने हा सगळा भार तिच्याच भागधारकांवर. २४,००० आणि १,२०,००० मिळून आपले १,४४,००० झाले आणि एनसीआयचे ६,०००ही तंतोतंत जुळले. कार्यपत्रक हरवले असले तरी ते या दोन आकड्यांत दडलेले होते.

या वर्षीची यंत्राची नोंद अशी होईल: आरंभीचा राखीव निधी १,६०,००० ने नावे (डेबिट), घसारा खर्च ४०,००० ने जमा (क्रेडिट), यंत्र १,२०,००० ने जमा. सोबत स्थगित कर मत्ता ३०,००० नावे, कर खर्च १०,००० नावे आणि आरंभीचा राखीव निधी ४०,००० जमा. पडताळा असा घ्या की उपकंपनीच्या पुस्तकात दोन वर्षांनंतर यंत्र ४,८०,००० ला आहे आणि यंत्र विकलेच नसते तर ते ३,६०,००० ला असते. फरक बरोबर १,२०,००० चा. घसारा उपकंपनी आकारते म्हणून त्यातला वाटा एनसीआयला द्यावा असे काहींना वाटते, पण जो नफा मुळात मुख्य कंपनीचा होता, तोच या जादा घसाऱ्याच्या वाटेने हळूहळू प्रत्यक्षात येत असतो, म्हणून तो मुख्य कंपनीकडेच ठेवणे सुसंगत आहे.

अखेरच्या मालावरचे ७५,००० मात्र चूक आहेत. २५ टक्के खर्चावर आहेत आणि आपल्यापुढे विक्रीची किंमत आहे. १२५ मध्ये २५ नफा, म्हणून ३,००,००० मध्ये ६०,०००. (ही चूक अनुभवी माणसांच्या हातूनही होते. किमतीवरचा नफा आणि खर्चावरचा नफा हे कार्यपत्रकाच्या माथ्यावरच लिहून ठेवण्याची सवय मला त्यामुळेच लागली.) परंतु ६०,००० हाही अंतिम आकडा असेलच असे नाही, कारण तो आपल्या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे. वर्षअखेरीच्या आसपास वाटेत असलेली रक्कम किंवा माल आहे का, ते कृपया तपासून सांगावे.

एनसीआयविषयी एक खुलासा करतो. समूहांतर्गत नफा संपूर्ण वगळावा, ८० टक्के नव्हे, असे आयएफआरएस १० (एकत्रित पत्रकांचे मानक) स्पष्ट सांगते. वगळलेल्या नफ्याचा भार कोणी सोसायचा हे मात्र ते तपशीलवार सांगत नाही. उपकंपनी विकणारी असेल तर भार धारण प्रमाणात विभागायचा आणि मुख्य कंपनी विकणारी असेल तर सगळा तिच्याकडे, ही रूढ पद्धत आहे. मागील वर्षी तीच वापरलेली दिसते, तेव्हा या वर्षी ती बदलू नये.

धागाकर्ती

आपले मनःपूर्वक आभार. १,४४,००० ची फोड वाचून मी मागील वर्षाच्या ताळेबंदातील स्थगित कराची रक्कम पाहिली, आणि त्यात १०,००० व ४०,००० असे मिळून ५०,००० खरोखरच आहेत.

आपण सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडचे उतारे समोरासमोर ठेवले. मुख्य कंपनीने वर्षाच्या शेवटच्या दिवशी पाठवलेले ४०,००० उपकंपनीच्या बँकेत पुढील वर्षी जमा झाले आहेत, आणि उपकंपनीने पाठवलेला ३०,००० चा माल अखेरच्या दिवशी वाटेत होता. उपकंपनीने तो विक्रीत धरला आहे, मुख्य कंपनीने मात्र खरेदीत धरलेला नाही. म्हणजे फरकाचा उलगडा झाला. याच्या नोंदी कोणाच्या पुस्तकात करायच्या?

आणखी एक बाब आता लक्षात आली. मुख्य कंपनीने उपकंपनीला कर्ज दिले आहे. या वर्षीचे व्याज १,६०,००० मुख्य कंपनीने उत्पन्नात घेतले आहे, पण उपकंपनीने त्यातले १,००,००० च खर्चात दाखवले असून उरलेले ६०,००० बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या मूल्यात मिळवले आहेत. त्यामुळे दोन्ही बाजू परस्परांत कापल्या तर ६०,००० लोंबकळत राहतात.

प्रतिसाद २

व्याजाबद्दल मी लिहितो. समूहाच्या दृष्टीने हे कर्जच अस्तित्वात नाही. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले आहेत, मग त्यांवरचे व्याज इमारतीची किंमत कसे वाढवणार? म्हणून व्याज उत्पन्न १,६०,००० नावे, व्याज खर्च १,००,००० जमा आणि बांधकाम चालू असलेली इमारत ६०,००० जमा. मुख्य कंपनीने ती रक्कम बाहेरून कर्जाऊ घेऊन पुढे दिली असेल, तर त्या बाहेरच्या कर्जावरचे प्रत्यक्ष व्याज आयएएस २३ च्या (कर्जावरील खर्चाच्या मानकाच्या) अटींत बसते का हे वेगळे तपासावे, पण तो हिशेब समूहाच्या स्वतःच्या खर्चावरून होतो, आपसातल्या दरावरून नव्हे. हे ६०,००० वगळल्यानेही स्थगित कर उद्भवतो, तो विसरू नये.

स्थगित कराचा विषय निघालाच आहे तर सांगतो: आपल्याकडे दोन्ही दर २५ टक्के आहेत म्हणून प्रश्न उपस्थित झाला नाही, परंतु दर वेगळे असतील तेव्हा आयएएस १२ (आयकराचे मानक) प्रमाणे माल ज्याच्याकडे आहे त्या खरेदीदार कंपनीचा दर घ्यावा लागतो, कारण पुढे वजावट तिलाच मिळणार असते. आणि ते कर्ज पुढेमागे परकीय चलनात दिले गेले, तर येणे व देणे परस्परांत कापले गेले तरी विनिमय फरक मात्र सहसा एकत्रित नफातोटा पत्रकात राहतो. फरक शिल्लक राहिला म्हणजे नोंद चुकली असे तेव्हा समजू नये.

प्रतिसाद १

वाटेतल्या रकमेच्या आणि मालाच्या नोंदी कार्यपत्रकावरच करा. वाटेतली रोख ४०,००० नावे, उपकंपनीचे येणे ४०,००० जमा. वाटेतला माल ३०,००० नावे, मुख्य कंपनीचे देणे ३०,००० जमा. दोन्ही बाजू ४,१०,००० वर येतील आणि मग एकमेकांत कापता येतील.

मी मागे ज्याची शंका घेतली होती ते आता समोर आले आहे. वाटेतला मालही समूहाबाहेर गेलेला नाही, तेव्हा त्यातले ६,०००ही अनरिअलाइज्ड आहेत. एकूण माल ३,३०,००० आणि वगळायचा नफा ६६,००० झाला. नोंद अशी: विक्री १०,००,००० नावे, विकलेल्या मालाचा खर्च ९,३४,००० जमा, मालसाठा ६६,००० जमा. आरंभीच्या मालापोटी राखीव निधी ३२,००० नावे, एनसीआय ८,००० नावे, विकलेल्या मालाचा खर्च ४०,००० जमा. म्हणजे चालू वर्षाच्या नफ्यावर करापूर्वीचा निव्वळ परिणाम फक्त २६,००० चा, करानंतर १९,५०० चा, आणि त्यातला एनसीआयचा भाग ३,९००. स्थगित कर मत्ता अखेरीस १६,५००. आरंभीच्या १०,००० पैकी ८,००० राखीव निधीत आणि २,००० एनसीआयमध्ये जमा, आणि वाढलेले ६,५०० कर खर्चात जमा.

धागाकर्ती

सर्व नोंदी केल्या. आरंभीचा राखीव निधी आणि एनसीआय दोन्ही मागील वर्षाच्या छापील आकड्यांशी जुळले आणि येणे-देणे शून्यावर आले.

मालसाठ्यात मात्र एक गाठ राहिली आहे. ३,००,००० च्या मालापैकी ५०,००० ला घेतलेल्या काही वस्तूंची बाजारातली निव्वळ किंमत घसरल्याने मुख्य कंपनीने आपल्या पुस्तकात त्या ४२,००० वर आणल्या आहेत. त्या वस्तूंवरचा १०,००० नफा मी वरच्या ६६,००० मध्ये वगळलेला आहेच. आता एकत्रित ताळेबंदात त्या ३२,००० ला दिसत आहेत, आणि हे काही बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. या वस्तूंचा समूहाला पडलेला खर्च ४०,००० आहे आणि निव्वळ वसूल होणारी किंमत ४२,०००, म्हणजे समूहाचे काहीच नुकसान झालेले नाही. मुख्य कंपनीने जी घट दाखवली ती उपकंपनीने चढवलेल्या नफ्यातलीच आहे. एकच गोष्ट दोनदा वजा झाली आहे. म्हणून ६६,००० ची नोंद जशी आहे तशी राहू द्या आणि मुख्य कंपनीने खर्चात घेतलेले ८,००० कार्यपत्रकावर उलटवा, म्हणजे मालसाठा ८,००० नावे आणि विकलेल्या मालाचा खर्च ८,००० जमा. मुख्य कंपनीने या घटीवर स्थगित कर धरला असेल तर तोही त्याच नोंदीबरोबर उलटेल. दोन्ही नोंदी एकत्र करून ५८,००० ची एकच नोंद करण्याचा मोह टाळा, कारण पुढील वर्षी आरंभीचा राखीव निधी जुळवताना एनसीआयची विभागणी ६६,००० वरच करावी लागेल.

बाजारभाव ४०,००० च्याही खाली, समजा ३७,००० असता, तर समूहाचे ३,००० चे नुकसान खरे ठरले असते आणि मुख्य कंपनीने खर्चात घेतलेल्या १३,००० पैकी १०,०००च उलटवावे लागले असते.