किसिलेवोच्या गावकऱ्यांना अडाणी म्हणू नका

घाटवाट:
व्हॅम्पायर म्हटलं की आपल्याला काळा झगा, किल्ला आणि फिकट चेहऱ्याचा सरदार आठवतो. तो कादंबऱ्यांनी दिलेला. सर्बियाच्या खेड्यांतला व्हॅम्पायर म्हणजे नुकताच पुरलेला शेजारी. त्याची गोष्ट आपण 'अडाण्यांचा कारभार' म्हणून उडवून लावतो, ते मला अजिबात पटत नाही.

साल १७२५. उत्तर सर्बिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात. किसिलेवो गावात पेटार ब्लागोयेविच वारला, आणि मग आठवडाभरात गावातली नऊ माणसं गेली. दुखणं एका दिवसाचं. पेटार झोपेत अंगावर येऊन गळा दाबतो, असं ती मरताना सांगत होती. गावकरी फ्रोमबाल्ड नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, बेलग्रेडहून परवानगी येऊ द्या. ते म्हणाले, तोवर गाव शिल्लक राहायचं नाही; तुम्ही येत नसाल तर आम्ही घरदार सोडून निघतो. शेवटी तो पाद्रीला घेऊन गेला. दहा आठवड्यांचं प्रेत, तरी दुर्गंधी नाही. केस, दाढी, नखं वाढलेली. जुनी कातडी सुटून खालून नवी आलेली. तोंडात ताजं रक्त. हे फ्रोमबाल्डने स्वतः लिहून ठेवलंय आणि त्याच जुलैत ते व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आलं.

त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. प्रेतात वायू साठतो, अंग फुगतं, आतला रक्ताळ द्रव तोंडावाटे बाहेर येतो. वरची कातडी सुटली की खालची लालसर, ताजी दिसते. त्वचा आकसते म्हणून नखं वाढल्यासारखी वाटतात. जंतू ठाऊक नसलेल्या काळात घरोघरी माणसं मरतायत, कारण तर शोधायलाच हवं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यावरून अनुमान बांधलं. ते चुकलं, पण तो विचारच होता.

निशिगंध:
विचार असता तर न जुळणारा पुरावाही मोजला असता. सर्बियातल्याच मेद्वेजा गावात १७३२च्या जानेवारीत फ्ल्यूकिंगर या लष्करी सर्जनसमोर थडगी उघडली. एकाच दफनभूमीत काही प्रेतं कुजलेली, काही नाहीत. कुजलेली परत पुरली. बाकीच्यांची मुंडकी उडवली, देह जाळले, राख मोरावा नदीत टाकली. त्यांत मिलित्सा नावाची साठीची बाई होती. जन्मभर हडकुळी होती ती, मातीत जाऊन अंगानं भरली कशी, म्हणून तिथले शिपाई चकित झाले. प्रेत फुगतं हे तुम्हीच वर लिहिलंय. त्या फुगण्याला त्यांनी गुन्हा ठरवलं.

आणि किसिलेवोच्या अहवालातली एक बाई तुम्ही वगळलीत. पेटारची बायको. नवरा येऊन आपल्या ओपांकी, म्हणजे चामडी वहाणा, मागतो असं तिनं सांगितलं आणि ती दुसऱ्या गावी निघून गेली. नवरा जाऊन काही आठवडेच झालेले, अशा बाईला तो स्वप्नात येणारच. तिच्या त्या स्वप्नाचाही गावानं पुरावा केला.

तळटीप:
पोर्फिरियाचं कुणीच लिहिलं नाही? त्या आजारात ऊन सोसत नाही, हिरड्या मागे सरून दात मोठे दिसतात. सगळं जुळतं.

घाटवाट:
तळटीप, नाही जुळत. उन्हानं मरणारा व्हॅम्पायर १९२२च्या जर्मन मूकपटातून आला. गावचा व्हॅम्पायर फिकट नाही, लालबुंद आणि फुगलेला असतो, आणि दातांचा तर किसिलेवोच्या अहवालात उल्लेखच नाही. जिवंत रोग्यावरून ही समजूत आलेली नाही, ती उघडलेल्या थडग्यातून आली.

निशिगंधताई, बाई वगळली हे खरं. पण शिकलेल्यांचा हात बघा. यात काही चुकलं असेल तर दोष माझा नाही, भीतीनं भान हरपलेल्या लोकांचा, असं फ्रोमबाल्ड अहवालाच्या शेवटी लिहितो. स्वतः तिथे उभा राहून! फ्ल्यूकिंगर तर शरीर उघडून पाहणारा माणूस, तरी त्यानं 'व्हॅम्पायरच्या अवस्थेत' असं लिहून खाली सही केली. हा शब्द युरोपभर गेला तो या कागदांमुळे. मग अडाणी फक्त खेडूतच का?

रानमोगरा:
म्हणजे आपला वेताळच की! इंग्रज लेखक बर्टनने १८७०मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा व्हॅम्पायरच म्हटलं होतं.

निशिगंध:
त्या भाषांतरानंच घोळ केलाय. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. कोकणात, गोव्यात तर तो गावचा राखणदार, त्याला नारळ ठेवतात. सर्बियातला मात्र स्वतःच्याच देहानं उठतो आणि आधी घरच्यांवर जातो.

घाटवाट, शिकलेले दोषी हे मान्य. पण हे थांबवलंही शिकलेल्यांनीच. मोराविया म्हणजे आजच्या चेक देशातला प्रांत, त्याच्या सीमेवर हेर्मर्सडॉर्फला १७५५ साली रोझिना पोलाकिन या बाईचं प्रेत उकरलं. दफनभूमीच्या भिंतीला भगदाड पाडलं आणि आकड्याला दोर बांधून तिच्या घरच्यांनाच ते ओढायला लावलं. मग मुंडकं तोडून जाळलं. हे कानावर गेल्यावर ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसानं चौकशी लावली. तिचा वैद्य फान स्वीटन यानं थंडी, घट्ट माती, बंद पेटी अशी साधी कारणं दाखवली, आणि तिनं सरकारी परवानगीशिवाय प्रेतं उकरायला, जाळायला बंदी घातली. गावाची भीती समजून घ्या, जरूर घ्या. पण तो दोर ज्यांच्या हातात दिला त्यांना काय सांगाल?

घाटवाट:
याला माझ्याकडे उत्तर नाही. गावकऱ्यांना मूर्ख म्हणू नये हे माझं म्हणणं कायम आहे. पण मी सगळा वेळ थडग्याभोवती जमलेल्या गर्दीत उभं राहून लिहीत होतो, पुरलेल्याच्या घरात गेलोच नाही. वहाणा मागण्याची गोष्ट मूळ मजकुरात घालतोय, नऊ मृत्यूंच्या आधी.