रॉकर पॅनल: उंबरा, पायदान की पेटी?

निळीशाई
जुन्या मोटारीच्या गंजलेल्या रॉकर पॅनलची दुरुस्ती सांगणारा एक मजकूर मराठीत लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडकले आहे. दारांच्या खाली, पुढच्या चाकाच्या कमानीपासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत जाणारा पत्र्याचा लांब भाग म्हणजे रॉकर पॅनल. याला मराठीत रुळलेला शब्द आहे का? नुसते 'रॉकर' लिहिले तर वाचक डुलत्या खुर्चीकडे जाईल, नाहीतर इंजिनातल्या रॉकर आर्मकडे.

दुसरा प्रश्न गंजाचा. वर आलेला लालसर थर, सुटणारे पोपडे आणि आरपार भोक या तीन अवस्थांची दुरुस्ती वेगवेगळी असते. सगळीकडे 'गंज' लिहून कसे भागेल?

सहज
पायदान म्हणा की. पाय ठेवायचीच जागा आहे ती.

यंत्रवेडा
पायदान नको. पायदान म्हणजे चढताना पाय द्यायला बाहेर काढलेली फळी. फार जुन्या मोटारींना ती असायची, हल्लीच्या काही उंच गाड्यांनाही असते. ती काढून ठेवली तर चढायला त्रास होईल, बाकी काही बिघडत नाही. रॉकर पॅनलचे तसे नाही. ज्या गाड्यांना वेगळी चासी नसते, म्हणजे सगळा सांगाडा पत्र्याच्या बॉडीचाच असतो, त्यांत हा भाग भार पेलतो. पायदान म्हटले की वाचणाऱ्याला तो शोभेचा भाग वाटणार, आणि मग तो त्यावर लांबी, म्हणजे पत्रा सपाट करायचा लगदा, फासून रंग मारून मोकळा होणार.

हातोडीऐरण
आमच्या कामात 'रनिंग बोर्ड' म्हणतात. 'डावा रनिंग बोर्ड सडलाय, कापावा लागेल', असं. 'सिल' म्हटलं तरी कळतं, पण फोनवर सांगितलं की समोरचा ऑइल सील समजतो. पार्ट मागवताना हा घोळ नेहमीचा.

यंत्रवेडा
'रनिंग बोर्ड' म्हणजे खरे तर तेच पायदान. बॉडी रुंद होत गेली, बाहेरची फळी आत गडप झाली आणि नाव मात्र त्या जागेला चिकटून राहिले. बोलण्यात चालते, छापील मजकुरात गोंधळ करेल.

ब्रिटिश इंग्रजीत यालाच सिल म्हणतात, रॉकर पॅनल हा अमेरिकन शब्द. सिल म्हणजे मुळात लाकडी घराच्या सांगाड्यातली सगळ्यात खालची आडवी तुळई, जिच्यावर खांब उभे राहतात. त्यावरून दाराचा उंबरा. जर्मनमध्येही या भागाला 'श्वेलर' म्हणतात, तो 'श्वेले' म्हणजे उंबरा यावरूनच आलेला. फ्रेंच मंडळी सरळ 'बा द केस' म्हणतात, बॉडीचा तळ. तेव्हा निळीशाई यांच्या डोक्यात 'उंबरा' असेल तर तो परका वाटू नये.

सहज
अवांतर: संस्कृतात 'उदुंबर' या शब्दाचा उंबराचे झाड याबरोबरच घराचा उंबरठा असाही अर्थ आहे. मराठी उंबरा, उंबरठा त्याच घरातले. माझे पायदान मागे घेत नाही, पण उंबरा जास्त भारदस्त आहे हे मान्य.

हातोडीऐरण
उंबरा छान वाटतो, पण एक अडचण आहे. दार उघडल्यावर खाली जी प्लास्टिकची किंवा स्टीलची पट्टी दिसते, लोक तिलाच उंबरा समजतील. गंज त्या पट्टीत नसतो. तो खाली आणि आत असतो. आणि हा नुसता पत्रा नाही, पेटी आहे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, काही गाड्यांत दोन्हींच्या मधे आणखी एक मजबुतीचा पत्रा, आणि खाली सगळ्यांच्या कडा एकत्र स्पॉट, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड, मारून जोडलेल्या. त्या खालच्या कडेलाच जॅक लावायची जागा असते. पेटी चारी बाजूंनी बंद असल्यामुळेच एवढ्या पातळ पत्र्याला ताकद येते. एक बाजू कुजली की ती पेटी राहात नाही, नुसती पन्हळ होते, आणि मग गाडी मधे लचकते. माझं मत पेटीला.

निळीशाई
'दाराखालची पेटी' हे मला आवडले. वाचणाऱ्याला ती पोकळ आहे हे पहिल्या शब्दातच कळते, आणि गंज आतून बाहेर येतो हे पुढे समजावून सांगणे सोपे जाते.

यंत्रवेडा
आतून बाहेर येतो हे तुम्ही ठळक लिहा, कारण लोकांचा गैरसमज इथेच होतो. पेटीच्या तळाला पाणी निघून जायला भोके असतात. चाकांनी उडवलेला चिखल, पाचोळा, कधी आधीच्या दुरुस्तीतला सीलंट यांनी ती बुजतात. वरून पाणी येतच राहते: दाराच्या रबरातून, काचेच्या कडेने, सनरूफ असेल तर त्याच्या नळीतून. आतला ओला गाळ महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून बसतो. रस्त्यावर मीठ टाकतात तिथे आणि समुद्राकाठी हे फारच लवकर होते. बाहेरचा रंग तोवर धड असतो. रंगाला फोड दिसला की बहुतेक वेळा आतून पत्रा गेलेला असतो.

आणखी एक. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून खालच्या जोडकडेत गंज धरला की तो दोन पत्रे एकमेकांपासून फाकवतो आणि स्पॉट उपटून काढतो. कड फुगलेली दिसते ती त्यामुळे.

आता तुमच्या तीन पायऱ्या. गंज आणि जंग यांत मी फरक करणार नाही. जंग फारसीतून आला, अर्थ तोच. पहिल्या पायरीला 'तांबेरा' सुचवतो.

सहज
तांबेरा तर गव्हावर पडतो!

यंत्रवेडा
गव्हावर पडतो तोही लालसर तांबूस भुकटीसारखाच दिसतो, नाव रंगावरून आहे. वरवरचा, घासला की खाली पक्का पत्रा लागतो, असा गंज म्हणजे तांबेरा. दुसरी पायरी 'पोपडे' किंवा 'खपल्या'. तिथे पत्रा झडत जाऊन पातळ झालेला असतो. तिसरीला...

हातोडीऐरण
तिसरीला 'सडलेला पत्रा'. दुसरा शब्द शोधू नका.

सहज
लोखंड सडत नाही हो. सडते ते लाकूड, फळ, भाजी.

हातोडीऐरण
शास्त्राने नसेल सडत. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं आणि आत गेलं, तर कोणी 'लोखंडाचे क्षरण झाले आहे' म्हणत नाही. आधी हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. पक्का पत्रा टणटण वाजतो, गेलेला बद्द वाजतो. मग टोचून बघायचं. लोहचुंबकही फिरवायचं, जिथे चिकटत नाही तिथे कोणीतरी आधी लांबी भरून ठेवलीय.

निळीशाई
'बद्द' घेतला! आणि 'सडलेला' राहणारच, इंग्रजीतही लोक रॉट म्हणतातच की. पण हातोडीऐरण, 'लांबी भरणे' मी कसे लिहू? रंगकाम न केलेल्या वाचकाला ती लांबी-रुंदीतली लांबी वाटेल.

हातोडीऐरण
मग 'पुट्टी' लिहा. पण लिहिताना हेही लिहा की पुट्टी भोक बुजवायला नसते. पत्रा आधी धातूने पूर्ण झालेला पाहिजे, पुट्टी फक्त वरची उंचसखल जागा सपाट करायला, दोनतीन मिलिमीटरच्या आत. भोकात जाळी कोंबून वर पुट्टी थापली की ती मागून पाणी शोषते आणि काही दिवसांनी ढलपा निघतो. गाडी विकायला काढलेल्यांचं ते काम आहे.

यंत्रवेडा
'ठिगळ' शब्दावरही बोलायला हवे. इंग्रजीत पॅच एकच शब्द दोन वेगळ्या कामांना वापरतात. एक, सडलेल्या जागेवर वरून पत्रा ठेवून कडेने वेल्ड करणे. दुसरे, सडलेले सगळे कापून काढून, तेवढ्याच मापाचा तुकडा त्या खाचेत कडेला कड लावून बसवणे. मराठीत ठिगळ वरूनच लावतात, तेव्हा पहिल्या कामाला ठिगळ अगदी चपखल. दुसऱ्याला 'तुकडा बसवणे' म्हणा. ठिगळाखाली गंज जिवंत राहतो आणि दोन पत्र्यांच्या फटीत पाणी धरते, शब्दातच तो इशारा आला तर बरे. बाजारात पेटीच्या बाहेरून चढवायचे तयार आवरण मिळते, तेही जुन्या सडक्या पत्र्यावर नुसते चढवले तर ठिगळच.

निळीशाई
हे फार उपयोगी. मजकुरात दोन्हींना 'पॅच'च आहे आणि मला काहीतरी खटकत होते, पण बोट ठेवता येत नव्हते. पुढचा अडसर: वेल्डिंगचे प्रकार. 'स्पॉट', 'प्लग', 'स्टिच', 'टॅक'. सगळे जसेच्या तसे ठेवू?

हातोडीऐरण
स्पॉट तसाच ठेवा. टॅकला आम्ही 'टाका मारणे' म्हणतो. इंग्रजीतून आला की शिवणातून, ते तुम्ही ठरवा, पण दोन्हीकडून जुळतो. पातळ पत्र्यावर एका दमात लांब वेल्ड ओढायचा नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मग तिसरीकडे, मधे गार होऊ द्यायचं, आणि शेवटी टाके एकमेकांना भिडवायचे. नाहीतर पत्रा तापून वेडावाकडा होतो. तेच तुमचं स्टिच. सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवणाऱ्या वेल्डिंगची, 0.6 मिलिमीटरची तार यासाठी बरी. पत्रा 18 ते 20 गेजचा, म्हणजे 1.2 ते 0.9 मिलिमीटर, मूळ पत्रा मोजून त्याच्या जवळचा घ्यायचा.

प्लग म्हणजे 'भोक भरणे'. कारखान्यातला स्पॉट आपल्याकडे मारता येत नाही म्हणून वरच्या पत्र्याला सहा-आठ मिलिमीटरचं भोक पाडायचं, खालच्या पत्र्याला दाबून धरायचं आणि भोकातून वेल्ड भरायचा.

यंत्रवेडा
'भोक भरणे' आणि पुट्टीने 'भोक बुजवणे' यांत वाचकाचा गोंधळ होईल. 'भोकातून वेल्ड' लिहा.

हातोडीऐरण
बरोबर, तेच लिहा.

आणि शब्दांच्या नादात क्रम विसरू नका. पेटी कापायच्या आधी गाडी कशावर उभी आहे ते महत्त्वाचं. मधेच जॅक लावून दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी खाली बसते, आणि नवीन पेटी त्या बसलेल्या आकारात वेल्ड झाली की दारं कधीच नीट लागत नाहीत. वजन चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागांवर ठेवायचं. दाराच्या फटी आधी मोजून लिहून ठेवायच्या, दाराच्या चौकटीत तात्पुरता तिरका आधार टाकायचा, एका वेळी एकच बाजू घ्यायची. टप नसलेल्या गाडीत हा आधार टाकायलाच हवा, कारण तिथे वरून धरून ठेवणारं काहीच नाही. वेल्डच्या आधी बॅटरी सोडायची, सीट आणि गालिचा बाहेर, त्या कडेने जाणारी वायर आणि पेट्रोलची नळी बाजूला. जस्त चढवलेला पत्रा असेल तर वेल्डच्या जागेवरचं जस्त घासून काढायचं आणि धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, ताप भरतो.

निळीशाई
'टप नसलेली गाडी' हे 'कन्व्हर्टिबल'पेक्षा कितीतरी चांगले.

दुरुस्तीचा परिच्छेद आता असा झाला आहे, दोष काढा:

"दाराखालची पेटी, म्हणजेच रॉकर पॅनल, तपासताना तांबेरा, पोपडे आणि सडलेला पत्रा वेगळे ओळखा. तांबेरा घासून काढा, गंजरोधकाचा हात द्या आणि रंगवा. पोपडे निघालेल्या जागी पत्रा किती उरला आहे ते टोचून पाहा. सडलेला पत्रा मात्र पक्का पत्रा लागेपर्यंत कापून काढा, त्याच मापाचा तुकडा बसवा. त्यावर ठिगळ लावू नका."

यंत्रवेडा
'गंजरोधक' खटकला. तुम्ही म्हणता ते द्रव गंज रोखत नाही, असलेला गंज बदलते. फॉस्फरिक आम्ल असेल तर लोहाचे फॉस्फेट तयार होते, टॅनिक आम्ल असेल तर काळपट निळा टॅनेट. त्याला 'गंजपालट' म्हणा. गंजरोधक हा शब्द प्रायमरसाठी राखून ठेवा. आणि गंजपालट लावण्याआधी सुटे पोपडे खरवडलेच पाहिजेत, जाड थरातून ते खाली पोचत नाही.

सहज
प्रायमरला 'अस्तर' म्हणतात की.

यंत्रवेडा
म्हणतात, रंगवाल्यांत चांगले रुळले आहे. फक्त वेल्ड होणाऱ्या कडांना जे लावायचे ते वेगळे, जस्त असलेले. दोन पत्रे एकावर एक आले की मधे ब्रश जात नाही, म्हणून ते जोडण्याआधीच लावतात. त्याला 'जस्ताचे अस्तर' चालेल.

निळीशाई
गंजपालट, जस्ताचे अस्तर, दोन्ही घेतले. शेवटच्या टप्प्यात पोकळीत मेण फवारायचे आहे. 'कॅव्हिटी वॅक्स'ला 'पोकळीतले मेण' लिहिले आहे. आणि तळाच्या भोकांना 'निचऱ्याची भोके'. की 'छिद्रे'?

हातोडीऐरण
भोकंच. छिद्र म्हटलं की सुईएवढं वाटतं, यात पेन्सिल जाते. मेण रंग वाळल्यावरच, लांब नळीने, पेटीच्या दोन्ही टोकांकडून. वेल्डच्या आधी मारलं तर पेटतं. आणि नवीन पेटीला ती भोकं आहेत का ते पाहून घ्या, घरी वाकवलेल्या तुकड्यात पाडायची राहून जातात. जोडकडेला सीलंट लावताना ती बुजवू नका, आणि मेण मारून झालं की प्रत्येक भोकात तार घालून बघा.